पाण्याचा दिवस

रूपाली नगरसेविका झाली ती हंड्याच्या जोरावर. आठवड्यातून एकदा येणारं पाणी दोन आठवडे आलं नाही, तेव्हा तिनं आमच्या गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि टाकीखाली जाऊन रिकामे हंडे बडवले. पाणी आलं, पाठोपाठ गुलालही आला. शेवटच्या घरातल्या गोजरबाईनं तर तिची दृष्ट काढली.

मग वारं फिरलं. तिनं बोअर घेतलं, गच्चीवर काळी टाकी बसवली. "लई मोठी झाली," बायका म्हणाल्या. पुरुषानं गाडी घेतली की तो कर्तबगार, बाईनं टाकी बसवली की ती चढेल. मुदत संपली, निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या आणि गल्लीत तिचं नाव निघेनासं झालं.

शेवटी निवडणूक लागली. पक्षाची माणसं मुलाखतीला कोण किती बायका आणतं ते बघून तिकीट देतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रूपालीच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी माझ्याकडं, दुपारी परत माझ्याकडं.

"काकू, तिकीट नाय मिळालं तर मी करू काय? परत भाकरी थापत बसू?"

ती घरोघर गेली. "मंगळवारी दुपारी मुलाखतीला सगळ्याजणी चला. रिक्षा मी सांगते."

"व्हय व्हय, येऊ की," सगळ्या म्हणाल्या. मंगळवार पाण्याचा दिवस, हे कोणीच बोललं नाही. हंडे बडवणारीला पाण्याचा दिवस काय सांगायचा?

मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभ्या. गुलमंडीच्या बाजारातून आणलेली नवी साडी नेसून रूपाली या दारातून त्या दारात. दारोदार पिंपं, बादल्या, हंडे.

"ताई, नळ यायची वेळ झाली. सोडून कसं येऊ?" शेजारची संध्या म्हणाली.

"एक दिवस पाणी नाय भरलं तर मरणार हाय का तुम्ही?"

मला तिचा संताप आला. तिची सासू मुक्ताबाई ओट्यावरून हळूच म्हणाली, "रूपा, तू शेवटचं कधी भरलंस?"

रूपालीचा चेहरा उतरला. ती एकटीच रिक्षात बसली. बाकीच्या रिक्षा रिकाम्या परतल्या.

"बायका कुठायत, पक्षवाल्यांनी विचारलं," संध्याकाळी तिनं मला सांगितलं. "म्हटलं, पाणी भरतायत. ते हसले, काकू. त्यांना वाटलं, थापा मारते."

तिकीट दुसरीला गेलं. पुढच्या पाण्याच्या दिवशी रूपाली जुना हंडा घेऊन बाहेर आली. गोजरबाईच्या दारातला सरकारी नळ सगळ्या गल्लीचा. तिथं रांगेत, शेवटी उभी राहिली.

गोजरबाईनं मागं वळून पाहिलं. "काय ताई, परत निवडणूक लागली का?"

रूपालीनं नाही म्हणून मान हलवली आणि रिकामा हंडा कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतला.