इन वन रूम

किसन गेल्याचं मला खोडाळ्याच्या बाजारात कळलं. सुकटीचा भाव करत होतो, तेवढ्यात त्याच्या मुलाचा फोन आला. "मोठे बाबा, बाबा गेले." मी सुकट टोपलीत परत टाकली आणि तसाच जव्हारची गाडी धरली. महिना उलटला, तरी लोक दारात येऊन सांगतात, तुमचा धाकटा भाऊ फार शांत माणूस होता. शांत नव्हता तो. त्याला गप्प केला होता. तेवढ्यासाठी हे लिहितोय. मी दुसरीतनं शाळा सोडून गुरांमागं गेलो, त्यामुळं बोलल्यासारखं लिहिणार. चालवून घ्या, नाहीतर राहू द्या.

किसन शिकला, इंग्रजीचा मास्तर झाला. सूर्यमाळला घरी आला की नागलीची भाकर मोडता मोडता मलाच शिकवायचा. "दादा, आपण म्हणतो, मी बाजारात जाऊ शकत नाही. आपलं 'नाही' सगळ्यात शेवटी. त्यांचं तसं नाय. आय कॅनॉट गो आधी, बाजार मागनं. आपली पोरं सवयीनं बाजार मधेच घुसवतात. आय कॅनॉट टू बाजार गो."

मी म्हटलं, "आधीच नाही म्हटल्यावर पुढचं कोण ऐकंल रं?"

त्याला हसता हसता ठसका लागला. "दादा, तू सायेबच व्हायला पायजे होतास."

मग एकदा त्याच्या शाळेत मुंबईचे पाहुणे आले. हेडमास्तरांचा हुकूम, सगळ्यांनी इंग्रजीतच बोलायचं. पाहुण्यांनी विचारलं, काही अडचण? बाकीचे मास्तर नो सर, नो सर करत बसले. किसन उठला. "वी कॅनॉट इन वन रूम टीच थ्री क्लासेस." एका खोलीत तीन वर्ग आम्हाला शिकवता येत नाहीत. यात हसण्यासारखं काय होतं? पण एक पाहुणा हसला. म्हणाला, "गुरुजी, ते इन वन रूम शेवटी घ्या की." मग हेडमास्तर हसले, मग सगळेच. खोलीचं राहिलं बाजूला. त्या दिवसापासून शाळेत त्याचं नाव पडलं. "काय इन वन रूम सर, चहा घेणार का?" पुढच्या वर्षी त्याच्याकडचं इंग्रजी काढलं आणि कवायत दिली. इंग्रजीच्या मास्तराला कवायत...

मला त्यानं एकदाच सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून. "ती चूक नव्हती, दादा. मागं घ्यायचं हे पोरांना मीच शिकवतो, मला नाय कळणार? मुद्दाम मधे घेतलं. जोर खोलीवरच द्यायचा होता. लिहिताना दोन्हीकडं स्वल्पविराम देतात. बोलताना तो दिसत नाय ना..." मला इंग्रजी येत नाही. खरं-खोटं मी कुणाला विचारलं नाही, विचारणारही नाही. भाऊ म्हणाला मुद्दाम, म्हणजे मुद्दाम.

पण त्यानंतर तो मराठीसुद्धा जुळवून बोलायला लागला. तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात लावून बघायचा. मी चिडायचो, "बोल ना लवकर, भाकर थंड होते." तो म्हणायचा, "काय नाय, दादा." मरेपर्यंत तेच. काय नाय.

परवा शाळेनं शोकसभा ठेवली. तेच हेडमास्तर, आता निवृत्त, खास आले होते. म्हणाले, किसन सरांसारखं इंग्रजी तालुक्यात कुणाचं नव्हतं. मी खाली मान घालून ऐकलं. मग मला म्हणाले, "बाबा, तुम्हीही दोन शब्द बोला."

मी उठलो. म्हटलं, "माझा भाऊ जे बोलला ते मी मराठीत सांगतो. एका खोलीत तीन वर्ग शिकवता येत नाहीत. आता हसा."

कुणी हसलं नाही. मी त्यांचा चहा न घेता बाहेर आलो. सभेसाठी पोरं पडवीत काढून बसवली होती. माणसं उठली तशी ती आत गेली, आणि तिसरी, चौथी, पाचवी आपापल्या भिंतीकडं तोंड करून बसली.