थोरल्यांचं पाऊल

माझ्या मावशीच्या यजमानांना सगळं गाव 'कवळीवाले' म्हणतं. घराच्या पुढच्या खोलीत बसून काका दातांच्या कवळ्या बनवतात. फळीवर लोकांच्या जबड्यांचे पांढरे ठसे मांडलेले असतात आणि त्याखालच्या फळीवर पावलांचे, हातभर लांब. नवीन गिऱ्हाईक ते पाहून दात दुखायचे विसरतं.

गावाला लागून जंगल आहे. त्यात दीड पुरुष उंचीचा, दोन पायांवर चालणारा केसाळ प्राणी राहतो, असं मानणाऱ्यांचं एक मंडळ आहे. दर रविवारी ते शोधाला निघतं. प्राण्याचा उल्लेख आदराने 'थोरले' असाच करायचा. चुकून कुणी 'अस्वल' म्हणालं, तर त्या दिवशी सगळ्यांचा चहा त्याने उकळायचा. काका मंडळाचे प्लॅस्टरवाले. त्यांचा मात्र काडीचा विश्वास नाही. "तेरा ठसे काढले," ते म्हणतात, "आठ अस्वलं, तीन गमबूट, आणि दोन ठिकाणी अध्यक्ष घसरून पडले होते."

मग जातात कशाला? मावशीसाठी. बावीस वर्षांपूर्वी ती जंगलातल्या रोपवाटिकेत कामाला होती. एका दुपारी धावत घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "अहो, मी त्याला पाहिलं." काका पोट धरून हसले. वर आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला तो किस्सा रंगवून सांगितला. मावशीने विषयच मिटवला. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढच्या महिन्यात काका मुकाट्याने मंडळात दाखल झाले. चुकलो म्हणायला मात्र त्यांची जीभ रेटेना. पुरुषांचं हे एक मला कधी कळलेलं नाही.

यंदा मावशीची नजर झपाट्याने अधू होत गेली. वर्षभरात दोन्ही डोळे जातील, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी एकच ध्यास घेतला, तिला दिसतंय तोवर एक तरी खरं पाऊल तिच्यासमोर ठेवायचं.

गेल्या रविवारी ओढ्याकाठी नऊ पावलं सापडली. अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमास्तर, चक्क रडले. काकांनी प्लॅस्टर ओतलं. घरी आणून ठसे धुतले आणि त्यांचा चेहरा पडला. प्रत्येक डाव्या पावलाला अंगठ्याखाली तोच टवका, त्याच जागी.

"एकच माणूस दोनदा चावला तरी दातांचा ठसा हुबेहूब येत नाही," ते मला हळूच म्हणाले. "जिवंत पाय असा उमटेल? लाकूड कोरलंय कुणीतरी."

'पाऊल खरं आहे' अशा दाखल्यावर काकांची सही हवी म्हणून पुढच्या खोलीत मंडळ ताटकळत होतं. पोस्टमास्तर म्हणाले, "कवळीवाले, तुमच्या शब्दावर सगळं आहे."

मी काकांच्या कानाला लागले. "करून टाका सही. मावशीला किती बरं वाटेल!" आज लाज वाटते, पण म्हणाले खरी.

काकांनी एक ठसा उचलला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. मावशी मटार सोलत होती. "अगं, ही लबाडी आहे," ते म्हणाले. "मला खरं पाऊल आणायचं होतं तुझ्यासाठी. नाही जमलं."

मावशीने ठशावरून बोटं फिरवली. "लबाडीच आहे. टाच बघा केवढी रुतलीय. तो टाच टेकवतच नव्हता."

काका तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "तेव्हा हसलो मी. फार चुकलो गं." मग लहान मुलासारखं म्हणाले, "कसा चालत होता?"

बावीस वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

मावशी हात पुसून उठली. गुडघे वाकवले, खांदे पाडले, हात लांब सोडले आणि चुलीपासून खिडकीपर्यंत लांब लांब ढांगा टाकत गेली. तिथे थांबून तिने सावकाश मान वळवून आमच्याकडे पाहिलं. पासष्ट वर्षांची बाई, पदराला मटाराचं साल चिकटलेलं. मला हसू फुटत होतं, मी ओठ चावला. काका हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

बाहेरून पोस्टमास्तरांनी हाक मारली, "कवळीवाले, येताय ना?"

"थांबा हो जरा!" काका ओरडले आणि मावशीला म्हणाले, "मान कशी वळवली, ते परत एकदा दाखव."