शेळीचा पान्हा आणि माझं तोंड

मी चौथी शिकलेला. जन्म शेळ्यांमागं गेला. गुडघे दमले तसं पोरानं कळप विकायला लावला आन् आम्हा दोघांना चिकलठाण्याला आपल्या घरी आणलं. तिथं मी गप झालो. जेवण जाईना, झोप येईना, बायकोशी चार महिने धड बोललो नाय. शेवटी तिनं पिशवी भरली. "भिंतीसंगं संसार व्हत नाय माझ्याच्यानं. परवा चालले भावाकडं."

तवा कुठं सुनेसंगं औरंगपुऱ्यात दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डिप्रेशन म्हणाले, गोळ्या दिल्या. वर एका बाईंपुढं बसवलं. कशाला? तर नुसतं बोलायला!

मी सुनावलं, "बाई, दुखणं अंगात हाय. तोंडच्या वाफेनं रक्तात काय फरक पडतो? इंजेक्शन असंल तर द्या."

बाई हसल्या. "राहू द्या, आजोबा. करडू मेलेली शेळी दूध देते का हो?"

"हट्! पान्हा चोरती."

"मग काय करता?"

हे मलाच विचारावं. गावातल्या अडेल शेळ्या माझ्याकडंच यायच्या. म्हटलं, "घाई करायची नाय. जवळ बसायचं, गळ्याखाली खाजवायचं आन् बोलत ऱ्हायचं. पावसाचं, सोयऱ्याधायऱ्याचं, काय बी. घटकाभरात अंग सैल सोडती, कास भरून येती."

"आणि इंजेक्शन कोणतं देता?"

सून ओढणीआड खुदकन हसली, "मामा, सांगा की!"

मग बाईंनी समजावलं. पान्हा सुटतो हार्मोननं. भ्यालेल्या जिवात दुसरं हार्मोन चढतं, ते आडवं येतं. लांडगा निघून गेला तरी कळप थरथरत ऱ्हातो, तसं काही माणसांचं होतं. बोलून बऱ्याच जणांचं उतरतं, सगळ्यांचं नाय; गोळ्या सोडायच्या नाहीत.

लांडग्याचं मला पटलं. त्या दिवशी मी कळप विकल्याची सकाळ सांगितली. म्होरकी शेळी टेंपोत चढताना वळून बघत व्हती, हे बायकोला सुद्धा सांगितलं नव्हतं. लई रडलो. घरी येऊन तिलाबी सांगितलं. ती भरल्या पिशवीवर हात ठेवून ऐकत बसली, मग उठून चहा टाकला.

माझं हार्मोन किती उतरलं, कुणी मोजलं नाय. हरलो म्हणून बाईंना मी अजून कबूल केलेलं नाय. पण ती पिशवी आता भाजीला जाती, आन् बायको रोज ओरडती, "चार महिने उघडलं नाय, आता मिटंना व्हय तोंड? मला टीव्ही बघू द्या!"

मी आवाज चढवतो आन् म्होरकीचीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून काढतो.