चार बोटं कमी

सगळी गल्ली त्यांना नजरमिस्त्री म्हणायची, आणि म्हाताऱ्याला ते भारी आवडायचं. फळीवर रेघ ओढायची, एक डोळा मिटायचा, की काप सुतासारखा सरळ. आता तीच नजर दगा देऊ लागली होती, पण सांगतोय कोण?

लेक त्यांच्याच हाताखाली शिकून त्यांच्याच बरोबरीनं काम करत होती. तिनं एक लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणली. फळीवर ती शिकंज्यानं आवळायची, कटर मशीन तिला टेकवून सरकवायचं, हात थरथरला तरी काप वाकडा जात नाही. मिस्त्रींनी त्या पट्टीचं 'पांगळ्याची काठी' असं बारसं करून टाकलं. सुंभ जळतो, पीळ थोडाच जळतो!

एका दुपारी लेक बिजागऱ्या आणायला गेली. गल्लीतल्या नर्सबाईंच्या घराचं नवं दार बाकावर पडलं होतं, मापापेक्षा वीतभर रुंद. मिस्त्रींनी गुपचूप पट्टी काढली. आता, पट्टीला टेकते ती मशीनची कड, पातं असतं त्या कडेपासून चार बोटं आत. म्हणून पट्टी कापायच्या रेघेपासून तेवढी लांब सारायची असते. पण पोरीला विचारायचं म्हणजे कमीपणा ना! त्यांनी पट्टी थेट रेघेवर आवळली, मशीन दाराच्या अंगाला धरलं आणि चालवलं. काप देखणा निघाला, एकदम सरळ. दार मात्र चार बोटं कमी झालं.

तेवढ्यात नर्सबाई काम बघायला आल्या. हे असं कसं झालं, त्यांनी विचारलं आणि मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "पोरीच्या त्या पट्टीचे उद्योग."

नाचता येईना अंगण वाकडं, त्यातलाच प्रकार. बिजागऱ्या घेऊन परतलेल्या लेकीनं ते दारातून ऐकलं. थेट रेघेवर आवळलेली पट्टी तिनं बाकावर बघितली, मग नर्सबाईंची माफी मागून नवं दार करून देते म्हणाली. घरी गेल्यावर बापाला तिनं नेहमीसारखंच जेवायला वाढलं. भांडली असती तर घास तरी उतरला असता.

नवं दार बसवायला दोघं गेली. नर्सबाई खूश झाल्या. हॉस्पिटलात कपाटांचं मोठं काम निघालंय म्हणाल्या. "पण कापायला तुम्हीच या, मिस्त्री. पोरीला हात लावू देऊ नका."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. आत्ता गप्प बसलो तर पोरीचं नाव कायमचं गेलं, हे त्यांना कळत होतं.

"बाई, तो काप माझा होता. ती तिथं नव्हतीच."

नर्सबाईंचे डोळे भरून आले. "बापाचं काळीज हो! लेकीसाठी सगळं स्वतःवर घेताय."

मिस्त्रींनी शपथ घेतली, पट्टी कशी चुकली तेही सांगितलं. ते जितकं सांगत, तितकी बाईंची मान कौतुकानं हलत होती. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तूच सांग, अशा नजरेनं त्यांनी लेकीकडे बघितलं.

"दार नीट धरा, बाबा," ती म्हणाली, "मला स्क्रू मारायचाय."