रिकामा पाचवा रकाना

मानसशास्त्र विभागातील बाईंना विद्यार्थी पाठीमागे 'तक्तेबाई' म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होते. संस्कृतच्या आमच्या खोलीला लागूनच त्यांचा वर्ग भरे. मधली भिंत इतकी पातळ, की सव्वीस वर्षे त्यांचे अध्यापन माझ्याही कानांवर पडत राहिले. विचार बदलला की भावना आणि वर्तन पालटते, या तत्त्वावर उभी असलेली उपचारपद्धती त्या भावी समुपदेशकांना शिकवीत. तिचे मुख्य साधन म्हणजे सहा रकान्यांचा तक्ता: घडलेला प्रसंग, मनात आलेला विचार, भावना व तिची शंभरपैकी तीव्रता, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा आणि अखेरीस पुन्हा एकदा तीव्रता.

"पाचवा रकाना कधीच रिकामा नसतो. आपण नीट शोधलेलं नसतं," हे बाईंचे ठरलेले वाक्य.

दरवर्षी एक तास लाजेचा असे. लोक हसतील या भयाने घरात कोंडून घेतलेल्या रुग्णाने मुद्दाम हसे होईल असेच काही करावे आणि तरीही आपले काही बिघडत नाही, हे स्वतः अनुभवावे, असा तो प्रयोग. तो समजावताना बाई स्वतःची हकीकत सांगत. "विद्यार्थिनी असताना मी भर दुपारी चपलांच्या दुकानात शिरले आणि म्हटलं, पाव किलो साखर द्या! दुकानदार म्हणाला, बाई, साखर संपली, पण ही चप्पल चालायला गोड आहे!" पलीकडे हास्याचा स्फोट होई, आणि खरे सांगायचे तर भिंतीच्या अलीकडे मीही हसत असे.

ती हकीकत बाईंची नव्हती. ती त्यांच्या धाकट्या बहिणीची होती. दोन वर्षे उंबरठा न ओलांडलेल्या त्या मुलीला तिच्या डॉक्टरांनी हा प्रयोग सांगितला होता.

यंदाच्या तुकडीत बहिणीची मुलगी होती. वर्गात ती त्यांना 'बाई' म्हणे, घरी 'मावशी'. सव्वीस वर्षांच्या आवर्तनाने ती गोष्ट बाईंच्या जिभेवर अशी बसली होती, की भाची समोर आहे याचे भान त्यांना साखरेपाशी पोहोचल्यावर आले. आणि तरीही त्या थांबल्या नाहीत. पुढे त्यांनी मला हे सर्व सांगितले, तेव्हा याच एका वाक्याशी त्या फार वेळ अडखळल्या.

सोमवारी गृहपाठाच्या गठ्ठ्यात भाचीचा तक्ता आला. प्रसंग: शिक्षिकेने माझ्या आईची गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली. विचार: मावशीला माझ्या आईची लाज वाटते. भावना: दुःख, नव्वद. बाजूचा पुरावा चार ओळींचा. पाचवा रकाना कोरा, आणि त्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात, 'बाई, इथे काय लिहू?'

बाईंनी तिथे 'गोपनीयता' असे लिहिले आणि खोडले. गोपनीयता 'एक ओळखीची मुलगी' एवढ्या शब्दांनीही राखता आली असती. त्या उठल्या आणि बहिणीच्या घरी गेल्या.

बहीण कपड्यांच्या घड्या घालीत होती. "ये ताई. आज काय न्यायला आलीस?"

बाई दारातच उभ्या राहिल्या.

"बस गं. लेकीनं सांगितलंय मला. मुलं हसतात का?"

"हसतात."

"कशाला?"

"दुकानदाराच्या बोलण्याला."

"तो काही बोललाच नव्हता," बहीण घडी न मोडता म्हणाली. "माझे हातपाय थरथरत होते. त्यानं स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. तुला कुठून दिसणार? तुला सोबतीला आणलं होतं, आणि तू रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिलीस. कुणी ओळखीचं बघेल म्हणून."

बाईंना आठवले. पलीकडच्या फुटपाथवर त्या एका बंद दुकानाची पाटी वाचीत उभ्या होत्या, आत चाललेल्या कशाशी आपला संबंध नाही अशा चेहऱ्याने.

"वर्गात खरं सांगू का? तुझी हरकत नसेल तर."

"सांग. पण तो विनोद काढ. त्या माणसानं पाणी दिलं होतं."

पुढच्या तासाला भिंतीपलीकडून हसू आले नाही. बाईंचा स्वर इतका खाली गेला होता, की मला मोजकेच शब्द ऐकू आले: "मी आत नव्हते. मी पलीकडे उभी होते."

तास संपल्यावर भाची मागे रेंगाळली. बाईंनी तिच्यापुढे तक्ता ठेवला. पाचव्या रकान्यात शाईने लिहिले होते: 'शोधला. मिळाला नाही. तुझा विचार खरा होता.'

भाचीने ते दोनदा वाचले आणि शेवटच्या रकान्यात सत्तर लिहिले.

"सत्तर फार होतात," बाई सवयीने बोलून गेल्या आणि लगेच ओशाळल्या.

"हो. पण मावशी," ती म्हणाली, "खोटंच कमी करू का?"

"नको," बाई म्हणाल्या, आणि सत्तरखाली त्यांनी आपली सही केली.