नुसतं फुस्स

काल कुकरने शिट्टीऐवजी फुस्स केलं आणि मी ओट्यापासून दोन पावलं मागे सरलो.

लॉकडाऊनमध्ये लोक घरी ब्रेड भाजत होते; मी हौसेने गराजमध्ये शिसं वितळवून पिस्तुलाच्या गोळ्या ओतत होतो. मेलबर्न उघडल्यावर नेमबाजी क्लबच्या रेंजवर त्यातली पहिली झाडली. धडाम नाही, नुसतं फुस्स. बोट पुन्हा ट्रिगरवर गेलं.

"थांब!" मागून बायको ओरडली. "टार्गेटवर भोक कुठाय?"

काडतुसात मी दारू कमी भरली होती; गोळी नळीतच अडकली होती. दुसरी झाडली असती, तर पिस्तूल हातातच फुटलं असतं. तेव्हा मात्र क्लबातल्या मेट्ससमोर, सगळ्या दोस्तांसमोर, बायको ओरडली म्हणून माझे कान लाल झाले होते.

काल कुकर गार झाल्यावर ती म्हणाली, "दोन्ही हात शाबूत आहेत ना? मग घास तो."

घासला.