खळीनं चिकटवलेलं पुस्तक

सुताला लावायच्या खळीचा वास आला की मोठ्या जाऊबाई आठवतात. बालवाडी लांब, म्हणून चार वर्षांच्या लेकीला घरीच शिकवायचं ठरलं. पण माझी शाळा चौथीपर्यंतच, जमेल का ही धास्ती होती. अंकलिपी घ्यावी की बाजारातून आणलेलं फाटकं गोष्टीचं पुस्तक? जाऊबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या हातमागावर विणता विणताच म्हणाल्या, "दोन्ही वाचून पाय वं. पोरीचा हात जिथं थांबते, तेच घे." अंकलिपी वाचली, तरी लेक सुताच्या रिकाम्या कांड्या रचत राहिली. हरवलेल्या शेळीच्या गोष्टीला मात्र तिचा हात थांबला आणि पाठोपाठ मागही थांबला. "मंग, सापडली का वं शेळी?" जाऊबाईंनीच विचारलं. संध्याकाळी त्यांनी फाटकी पानं खळीनं चिकटवून दिली. लेक त्यावरच वाचायला शिकली. आज नातीसाठी ते पुस्तक काढलं. एकही पान सुटलेलं नाही.